पाव गेली, पाव आली

आमच्या शाळेत छडी होती, पण ती नकाशावर नद्या दाखवायला वापरीत. करीम मुनशींना तिचा दुसरा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनी एकाही पोराच्या अंगाला कधी हात लावला नाही. ते फक्त ओरडायचे. अमरावतीच्या परकोटाला लागून आमची शाळा, आणि परकोटाबाहेर कापसाच्या गाड्यांचा तळ. मुनशी आत "पाव कशाची?" म्हणून ओरडले की बाहेर बैल थबकायचे, असं लोक सांगत. मी स्वतः ते पाहिलं आहे. म्हणजे बैल थबकलेले पाहिले आहेत. कशामुळे थबकले ते त्यांना विचारलं नाही.

मी तेव्हा तिथं दुय्यम मास्तर होतो. माझ्याकडे वाचन आणि मोडी, त्यांच्याकडे गणित. दोन वर्गांच्या मध्ये कुडाची भिंत होती, म्हणजे नसल्यासारखीच. त्यामुळे माझी पोरं कित्ता गिरवता गिरवता पावकी, निमकी, दिडकी आणि अडीचकीचे पाढे शिकली, आणि माणसाला राग किती प्रकारे येऊ शकतो ते मी शिकलो.

मुनशींच्या रागालाही अपूर्णांक होते. पाव राग आला की ते टोपी काढून मांडीवर ठेवीत. निम्मा आला की वऱ्हाडी सोडून उर्दूत शिरत. पाऊण राग झाला की डोळे मिटून घेत, आणि मग दोन्ही वर्गांत पोरं श्वाससुद्धा नाकाच्या एकाच भोकातून घेत. पुरा राग मी एकदाच पाहिला. तो असा असेल अशी मला कल्पना नव्हती.

मूळचे ते बाळापूरचे. घराणं पागोटी विणणारं. बाप, काका, भाऊ सगळे मागावर. अंगानं काटकुळे, दाढीला मेंदी, आणि उजव्या हाताची बोटं कायम चाळवत असायची, ताण्याचे धागे मोजावेत तशी. लोक अपूर्णांक हवेत सोडून देतात याचा त्यांना मनस्वी संताप होता. कुणी म्हणालं, अर्धं काम झालं, तर हे विचारणार, अर्धं कशाचं? एकदा आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. आतून त्यांची बीबी म्हणाली, तेल पावच राहिलं आहे. मुनशींनी सवयीनं विचारलं, "पाव कशाची? बुधलीची का शेराची?"

"तुमच्या अकलेची," आतून उत्तर आलं.

मला वाटलं आता टोपी निघणार. पण मुनशी विचारात पडले आणि मला म्हणाले, "मास्तर, बाईनं जवाब बरोबर देल्ला. कशाची ते सांगतलं." आणि बुधली घेऊन तेल आणायला गेले.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस इंग्रजांना मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीला एकाएकी असा भाव आला की ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कपाशी पेरली. पांढरं पीक उदंड झालं आणि खायचं महागलं. अशा दिवसांत सरकारकडून आम्हाला गणिताचं छापील पुस्तक आलं. त्यातलं पहिलंच उदाहरण असं, की चार गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर आठ गवंडी किती दिवसांत बांधतील? एक हुशार पोरगं म्हणालं, चार. मुनशींची टोपी मांडीवर आली.

"आठ गवंडी आणशील कुठून? सारी अमरावती कापूस येचून राहिली. चारच भेटतीन. त्यातले दोन चिलीम ओढत बसतीन, एक बाजाराले जाईन. राहिला एक. लिही, बत्तीस दिवस."

पोरानं लिहिलं. गणित म्हणून ते अगदी बरोबर होतं.

त्या पुस्तकाची उत्तरं सगळी पुरी यायची, याचाच त्यांना राग. "जवाब पुरा आला की मले शक येते," ते म्हणत. मग ते आकडे बदलून उत्तर साडेसात नाही तर पावणेतीन येईल अशी व्यवस्था करीत. ज्या संख्येचा पत्ता नाही तिला पुस्तकात भारदस्त नाव होतं. मुनशी तिला झाकली टोपली म्हणत. टोपली उचलून पाहायची नाही. आजूबाजूचं दोन्हीकडून सारखं काढत जायचं, म्हणजे टोपली एकटी पडते आणि तिच्याखाली काय आहे ते आपोआप कळतं. मला स्वतःला बीजगणित असं कुडाच्या भिंतीतून कळलं, आणि अजून विसरलो नाही.

शेकड्याचं गणित ते रस्त्यावर शिकवीत. मोर्शीकडचा एक शेतकरी बारा मण कापूस घेऊन आला होता. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडायची खोड तेव्हा बोकाळली होती. या गड्यानं तर गाडीतल्या वजनात शेकडा पंचवीस पाणी असल्याचं चारचौघांत अभिमानानं सांगितलं. मुनशी पोरांना घेऊन गाडीला वेढा घालून उभे राहिले. बारा मणांत पाणी किती? पोरं म्हणाली, तीन मण. मुनशींनी त्याला विचारलं, "मोर्शीपासून तीन मण पाणी बैलायच्या मानेवरून आणलं तुवा. अन् त्यायले पाजलं किती?" तो हसला. मुनशी हसले नाहीत. त्यांनी स्वतः जू उतरवलं आणि बैल हौदावर नेले. तो मागून शिव्या देत होता, आणि मुनशी हौदावरून उर्दूत उत्तरं देत होते.

हे सगळं मी मजेनं सांगतो, कारण मजाच होती. पुढचं सांगताना मात्र इतक्या वर्षांनी मलाही राग येतो, आणि तो पाव की पाऊण ते मी मोजत बसत नाही.

लक्ष्मणशेट म्हणून एक कापसाचे व्यापारी होते. परकोटाबाहेर त्यांची वखार, आणि आमच्या शाळेच्या पंचांत ते पहिले. वखारीत तेवीस बाया रेच्यावर बसत. रेचा म्हणजे दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी वेगळी काढायचं हातानं फिरवायचं यंत्र. दिवसभर फिरवलं की रात्री हात ताटातला घास उचलायला नाही म्हणतो. प्रत्येकीला महिन्याला चाळीस शेर ज्वारी ठरलेली. त्या महागाईत ज्वारीची मजुरी म्हणजे नशीब समजत. एका वर्षी पाऊस लांबला, कापूस भिजून आला, काम रेंगाळलं. शेटजींनी मजुरी पावेनं कापली. चाळीसाचे तीस शेर झाले. बायांनी ते चार महिने सोसलं. मग नवा कापूस चांगला आला तेव्हा शेटजींनी वखारीच्या ओसरीवर उभं राहून सांगितलं, पाव कापली होती, आजपासून पाव वाढवली. साखर वाटली. बायांनी त्यांची दृष्ट काढून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

आणि घरी जाऊन ज्वारी मापली, तर साडेसदतीस शेर भरली.

सगळ्यात आधी मापली गंगूबाईनं. ही वीस वर्षं रेच्यावर बसलेली, तोंडानं फटकळ, आणि बाकीच्या बावीसजणी तिच्या शब्दाबाहेर नसत. दुसऱ्या दिवशी तेवीस घरांतून एकच गोष्ट निघाली, अडीच अडीच शेर कमी. शेटजींनी तर पाव कापली तेवढीच पाव परत दिली, हे सगळ्यांनी कानांनी ऐकलेलं. मग अडीच शेर खाल्ले कुणी? मापणाऱ्यानं.

मापणारा दगडू मापारी. साठीचा माणूस, चाळीस वर्षं त्याच एका शेराच्या मापानं गावाची ज्वारी मोजत आलेला. मापाऱ्यांची रीत अशी, की पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. गंगूबाई पाणवठ्यावर, दगडूची सून शेजारी घागर भरत असताना, म्हणाली की त्याचा तो लाभ कुणाच्या घरी जातो ते आता समजलं. तेवढं पुरलं. शेटजींनाही ते पटलं. त्यांनी दगडूला कामावरून काढलं नाही, पण पुढच्या वाटपाला त्याच्या बाजूला एक माणूस उभा केला, हातांवर नजर ठेवायला. भर थंडीत दगडू बाह्या खांद्यापर्यंत दुमडून मापायला बसला, म्हणजे आत काही लपवलेलं नाही ते दिसावं. आणि ज्वारी पुन्हा साडेसदतीसच भरली.

मग एके दिवशी दुपारी दगडू शाळेच्या दारात येऊन बसला. मुनशींनी वर्ग थांबवला. मी भिंतीला कान लावला. भिंतीला कान असते तर तिनंही लावला असता.

"मुनशीजी, मले काही समजून नाई राहिलं," दगडू म्हणाला. "शेटजीनं सांगतलं, तीस दे अन् तिसाची पाव दे. मी तेवढंच देतो. पाव गेली, पाव आली. मंग अडीच शेर जाते कुठं? माह्याच हातातून सांडत असन. मी घरी जाऊन माही पासोडी झटकून पाह्यतो."

त्याला स्वतःलाच वाटू लागलं होतं की आपण चोर आहोत. मुनशींनी डोळे मिटले. वर्गाला त्यांनी तीसची पावकी विचारली. पोरं एका सुरात म्हणाली, साडेसात. "तीस अन् साडेसात?" साडेसदतीस. मुनशी उठले, पायात जोडा घालायचंही विसरले, आणि तसेच वखारीकडे निघाले. मी मागून त्यांचा जोडा घेऊन.

लक्ष्मणशेट गादीवर होते. मुनशींनी त्यांना विचारलं की पाव कापली ती कशाची. शेटजी म्हणाले, मजुरीची. किती मजुरीची? चाळीस शेरांची. आणि वाढवली ती पाव कशाची? शेटजी म्हणाले, मजुरीचीच. "किती मजुरीची?" मुनशींनी विचारलं. शेटजींच्या मुनीमानं वर पाहिलं. त्याला कळलं होतं, पण तो पगारी माणूस.

मुनशींनी सांगितलं, तीस शेरांपुढं झाकली टोपली ठेवा, म्हणजे दोन्ही मिळून चाळीस भरले पाहिजेत. टोपलीखाली दहा. दहा म्हणजे तीसचा तिसरा हिस्सा. पाव कापली तर ती भरून काढायला तिसरा हिस्सा वाढवावा लागतो.

शेटजी मोठ्यांदा हसले. गादीवरचे इतरही हसले. "मी नेली पाव, अन् तू मागतो तिसरा हिस्सा? मंग चोर कोन, मी का तू?"

हे ते मनापासून बोलले, आणि तिथंच खरी गंमत आहे. त्या माणसानं एक दाणा लबाडीनं ठेवला नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण घेतलं तेवढं परत दिलं. मुनशींनाही ते दिसलं, आणि त्यांचा राग दुप्पट झाला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "चोर असता तं बरं होतं, मास्तर. चोराले मालूम असते, आपन काय चोरलं."

पण ते हटले नाहीत. रोज शाळा सुटली की वखार. आठव्या दिवशी शेटजींनी कंटाळून कोठारात गादीवरच्या सगळ्यांसमोर माप घालायला लावलं. तीस शेर. त्याची पाव. आधीचे चाळीस शेजारी रचलेले. दोन ढिगांकडे पाहताना शेटजींचे कान लाल झालेले मी पाहिले. मग ते म्हणाले की पुढच्या वाटपाला पुरे चाळीस देऊ. मुनशी म्हणाले, ते तर द्याच, पण बायांना हेही सांगा की चूक गणिताची होती, दगडूची नव्हती. शेटजी म्हणाले, सांगतो.

वाटपाच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. शेटजी ओसरीवर उभे राहिले. म्हणाले, आजपासून पुरे चाळीस शेर, आणि ते आमच्या खुशीनं. आणि दगडू म्हातारा माणूस आहे, झालं ते झालं, आम्ही त्याला माफ केलं. मुनीमानं साखरेचं ताट पुढं केलं. बाया 'देवमाणूस' म्हणाल्या.

मुनशींचा पुरा राग मी तेव्हा पाहिला. त्यांनी टोपी काढली नाही, उलट नीट बसवली. ना वऱ्हाडी, ना उर्दू. छापील पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ मराठीत, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "शेटजी, माफी कशाची? कृपा करून गुन्हा सांगावा."

आणि तेवढ्यात दगडू उठला, शेटजींच्या पाया पडला आणि चिमूटभर साखर घेऊन तोंडात टाकली.

बाहेर मुनशींनी त्याला गाठलं. "माफी घेतली काहून तुवा? तुवा केलंच काय होतं?"

दगडूनं बाह्या अजून खाली सोडल्या नव्हत्या. तो म्हणाला, "तुमचं गनित खरं हाय, मुनशीजी. पन मले याच गावात ज्वारी मापाची हाय."

मुनशींना त्याच्यावर ओरडता आलं नाही. ओरडता न आलेला राग माणसाला किती म्हातारा करतो ते मी त्या वाटेवर पाहिलं.

पंधरा दिवसांत पंचांनी ठराव केला, की करीम मुनशींची अकोल्याच्या शाळेला जास्त गरज आहे, तरी त्यांनी महिनाअखेर तिकडं जावं. शेटजी त्या बैठकीला मुद्दाम आले नाहीत, एवढे ते सभ्य होते. ठरावावर शाळेचा मास्तर म्हणून माझीही सही आहे. ती मोडीत अशी गिचमिड आहे की कुणाला वाचता येत नाही, एवढीच माझी बचावाची बाजू.

मला वाटलं, आता मुनशी महिनाभर भांडतील. त्यांनी भांडण केलं नाही. त्यांनी मूठभर सरकी आणि एक अडकित्ता खिशात घातला आणि रेच्यावरच्या बायांची घरं धरली. संध्याकाळी अंगणात बसायचं, घरच्या माणसांदेखत चाळीस सरक्या मोजून द्यायच्या आणि बाईलाच गणित करायला लावायचं. स्वतः एका सरकीला बोट लावायचं नाही. कुणी हसली, कुणी म्हणाली की आम्हाला आता पुरी मिळते, मागचं उकरता कशाला. एका घरी तर त्यांच्यावर कुत्रं सोडलं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि कुत्र्यावर ओरडून कुत्र्याला घरात पाठवलं. जिचं गणित सुटे ती सरक्या गोळा करून मुनशींना परत देई. मग कुणी रस्त्यात दगडूला राम राम घाली, कुणी पाणवठ्यावर त्याच्या सुनेला घागर उचलू लागे. अशी बावीस घरं झाली, गंगूबाई मात्र दार उघडीना.

ते निघायच्या दिवशी सकाळी गाडी भरून उभी होती. बीबी सामानावर बसलेली, गाडीवान वैतागलेला, आणि मुनशींचा पत्ता नाही. मी शोधत गेलो तर ते गंगूबाईच्या अंगणात. तिनं शेवटी उघडलं होतं, बहुधा पीडा टळावी म्हणून. ती उकिडवी बसली होती, समोर सरकी. मुनशी ओट्याच्या कडेला, तोंड फिरवून.

तिनं चाळीसाचे चार ढीग केले. एक उचलून बाजूला ठेवला, म्हणाली, हे शेटजीनं नेलं. उरले तीन, म्हणजे तीस. मग तिसाचे पुन्हा चार वाटे घालायला बसली. सात, सात, सात, सात, आणि दोन उरल्या. मुनशींनी न बघता अडकित्ता पुढं सरकवला. तिनं दोन्ही सरक्या कातरल्या आणि एकेक अर्धुक वाट्यावर ठेवलं. मग शेटजीच्या ढिगातून मोजून साडेसात परत आणल्या, त्यासाठी आणखी एक कातरली. आणि थांबली. शेटजीच्या जागेवर दोन सरक्या आणि एक अर्धुक पडलं होतं.

तिनं ते मोडलं आणि पुन्हा मांडलं. गाडीवानानं रस्त्यावरून हाक मारली. तिनं तिसऱ्यांदा मांडलं. त्या अडीच सरक्यांवर तिनं बोट ठेवलं आणि ते उचललं नाही.

"हे तं शेटजीच्या कोठ्यातून निंगालेच नाई," ती म्हणाली. "मंग दगडूभाऊच्या हाती आलेच कवा?"

"हेच मी दोन महिन्यांपासून बोंबलून राहिलो, बाई."

"तुमी बोंबलता म्हणूनच कोनी आयकत नाई," ती म्हणाली. पण ती मुनशींकडे पाहत नव्हती. "मी त्याच्या सुनेसमोर बोलली त्याले. सुनेसमोर."

मुनशी उठले. जोडा घालताना त्यांना वेळ लागला. मी त्यांना गाडीत बसवलं आणि वेशीपर्यंत बरोबर चालत गेलो. दगडूचं घर वाटेतच होतं. गाडी त्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मुनशी म्हणाले, "थांब."

गंगूबाई दुसऱ्या वाटेनं आमच्या आधी पोचली होती. डोईवरचा पदर नीट केलेला, दगडूच्या दारात उभी. सून उंबऱ्यात. आतून दगडू आला, डोळ्यांवर हात धरून कोण आहे ते पाहत. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. गंगूबाई एकटीच बोलत होती आणि सून कधी तिच्याकडे, कधी सासऱ्याकडे बघत होती. मग दगडू बाजूला सरला आणि गंगूबाई वाकून आत गेली.

"तेवीस," मुनशी म्हणाले.

बीबीनं पदरानं नाक पुसलं. मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं. पण मुनशी तोवर गाडीवानावर ओरडायला लागले होते, की इथं मधातच गाडी उभी काहून केली.